जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क : ठेवायची की काढायची?

तंत्रवेडी
सात-आठ वर्षांपूर्वीचे कितीतरी चांगले लॅपटॉप 'फार हळू झालाय' म्हणून भंगारात जातात. आत आय-५, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची ५४०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) हार्ड डिस्क. यातली शेवटची वस्तूच नडते. तबकडीच्या एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी साडेपाच. हेड सरकायचा वेळ वेगळाच. सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर विखुरलेल्या जागा वाचून होतात आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली मागतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र सेकंदाला १-२ एमबी दिसतो, तो यामुळेच. साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जुन्या जोडणीची) एसएसडीसुद्धा (फिरते भाग नसलेला, चिपवर साठवणारा ड्राइव्ह) अशी हजारो वाचनं सेकंदात उरकते.

माझं मत स्पष्ट आहे : एसएसडी घाला आणि हार्ड डिस्क लॅपटॉपच्या आत ठेवूच नका.

साठवण
पहिल्या निम्म्याशी सहमत, दुसऱ्याशी नाही. एम.२ स्लॉट (कांडीसारखी पातळ एसएसडी बसवायची खाच) असेल तर २५६ जीबीची एसएसडी विंडोजला पुरते. सहा-सातशे जीबी फोटो-व्हिडिओ हार्ड डिस्कवर राहू द्यावेत.

शिवाय हार्ड डिस्क अनेकदा बिघडण्याआधी इशारा देते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५ किंवा सी५ (खराब आणि संशयित जागा) या ओळींचे आकडे वाढू लागले, कॉपी अडखळू लागली, की सामान हलवायला वेळ मिळतो. एसएसडीचा कंट्रोलर (तिला चालवणारी चिप) गेला तर ती बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नाही. चुकून डिलीट केलेली फाइलही ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा पुसायला सांगणारी सोय) परत मिळणं जवळपास अशक्य.

तंत्रवेडी
@साठवण, तुमचे दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण ते बॅकअप का हवा हे सांगतात. हार्ड डिस्क आत का हवी, हे त्यातून सिद्ध होत नाही. लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यावर चहा सांडला तर दोन्ही ड्राइव्ह एकदमच जातील. चालू लॅपटॉप उचलून नेताना धक्का बसतो तो फिरत्या तबकडीलाच. आणि १ टीबीच्या बऱ्याच पातळ डिस्क एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिण्याच्या) पद्धतीच्या असतात : मोठी कॉपी सुरू केली की काही वेळाने वेग कोसळतो.

चार_स्क्रू
दोघंही स्लॉटच्या प्रकाराबद्दल बोलत नाही आहात आणि पैसे वाया जातात ते तिथेच. एम.२ दिसला म्हणजे एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणीची एसएसडी) चालेलच असं नाही. काही स्लॉट फक्त साटा, काही फक्त एनव्हीएमई घेतात. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघा. काही बोर्डांवर एम.२ मध्ये साटा कांडी बसवली की अडीच इंची जागेचा पोर्ट बंद होतो. मग साठवण यांची दोन ड्राइव्हची योजना तिथेच संपते.

बसवताना आधी चार्जर काढा, मग बॅटरीचा कनेक्टर. कांडी साधारण ३० अंशांत तिरकी सरकवायची, दाबून आडवी करायची आणि स्क्रू लावायचा. हा एम२ मापाचा (२ मिमी जाडीचा) छोटा स्क्रू एसएसडीच्या खोक्यात बहुधा नसतो, दुकानातच मागून घ्या. अडीच इंची एसएसडी ७ मिमी जाड असते. जुनी जागा ९.५ मिमीची असेल तर स्पेसर लावा, नाहीतर ती हलते. रिबन केबल ओढू नका. एसएसडी बसवल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी७ चा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत राहिला तर आधी केबल बदला, दोष बहुधा तिचाच असतो.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) करणार असाल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) आधी थांबवा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नको. दोघींची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करतं. खरं तर अशा मशीनवर नव्याने विंडोज टाकणंच बरं.

रॅमभरोसे
रॅम ४ जीबी असेल तर तीही वाढवा. आणखी एक : सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही (एखादा अपवाद सोडून) आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. खर्चाआधी लिनक्सचा विचार करून ठेवा.

साठवण
चार_स्क्रू यांचा पोर्टचा मुद्दा मान्य. पण 'कुठलीही एसएसडी चालेल' हा समज नको. स्वस्त क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट), त्यात डीरॅम (स्वतःची मेमरी) नसलेली साटा एसएसडी, तिची एसएलसी कॅश (लिहिण्याची वेगवान तात्पुरती जागा) भरली की लिहिण्याचा वेग सेकंदाला १०० एमबीच्याही खाली येऊ शकतो. साठ जीबीचं लग्नाचं शूटिंग उतरवणाऱ्याला तिथे हार्ड डिस्कच जलद वाटेल.

तंत्रवेडी
मान्य, म्हणून टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) घ्या आणि टीबीडब्ल्यू (एकूण किती टीबी लिहिण्याची हमी) बघा. सॅमसंग ८७० ईव्हीओ ५०० जीबीला ३०० टीबी लिखाणाची हमी आहे. रोज ३० जीबी लिहिलं तरी तो आकडा गाठायला २७ वर्षं लागतील. हमी मात्र ५ वर्षं किंवा ३०० टीबी, जे आधी संपेल तितकीच.

कपाटात महिनोन् महिने बंद ठेवायच्या प्रतीसाठी मात्र हार्ड डिस्कच. वीज नसताना फ्लॅशमधला भार हळूहळू गळतो, झिजलेल्या ड्राइव्हमध्ये जास्तच. म्हणून काढलेली डिस्क यूएसबी ३ च्या केसमध्ये घाला, सगळं एसएसडीवर कॉपी करून फायली उघडून तपासा आणि तोपर्यंत डिस्क फॉरमॅट करू नका.

साठवण
केस घेताना अडीच इंची साटाची घ्या, एम.२ ची नाही. आणि ४-के एडिटिंग करणाऱ्याला ५०० जीबी पुरणार नाही, त्याने १ टीबीपासूनच सुरुवात करावी. एवढं जमत नसेल तर माझं मत कायम : दुसरी डिस्क आतच राहू दे.