आतड्यातले जिवाणू प्रतिकारशक्ती वाढवतात की आवरतात?

रिकामटेकडी:
गेल्या महिन्यात दाताच्या गळवासाठी सात दिवस अँटिबायोटिक घेतलं. पोट बिघडलं ते बिघडलंच, वर चार वर्षं गप्प असलेला हातावरचा इसब पुन्हा उसळला. नणंद म्हणते, "चांगले जिवाणू मेले, प्रतिकारशक्ती कमी झाली." पण इसबात प्रतिकारशक्ती उलट जास्त चाळवलेली असते ना? मग ती कमी होऊन इसब कसा उसळेल? आणि एवढे परके जीव पोटात राहतात, शरीर त्यांना हाकलून का देत नाही?

उंदीरमामा:
नणंदेचं अर्धं बरोबर. तुमची शंका मात्र रास्त आहे.

मी अकरा वर्षं एका प्रयोगशाळेत जंतुमुक्त उंदीर सांभाळले. प्लास्टिकचा बंद कक्ष, त्याला जोडलेले जाड रबरी हातमोजे, त्यात खांद्यापर्यंत हात घालून सगळी कामं. खाद्य, पाणी, भुसा सगळं निर्जंतुक करूनच आत. असा उंदीर पहिल्यांदा उघडलेला पाहिला तेव्हा चरकलोच. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी पाण्याने टम्म फुगलेली. लहान आतड्यावर एरवी पांढुरके उंचवटे दिसतात, तिथे प्रतिकार करणाऱ्या पेशींचा अड्डा असतो. ते इतके बारके की मला दाखवावे लागले. साध्या उंदरांच्या लेंड्यांतले जिवाणू मिळाले की काही आठवड्यांत हेच उंचवटे भरू लागतात. म्हणजे जिवाणू नसतील तर फौज उभीच राहत नाही. नणंदेचं अर्धं ते हे.

उरलेलं अर्धं आवरण्याचं. टी-पेशी म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांच्यात एक जात "पुरे आता" सांगणारी असते, नियामक टी-पेशी. (२०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच पेशींच्या शोधाला मिळालं.) २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की क्लॉस्ट्रिडियम गटातले काही निरुपद्रवी जिवाणू दिले की उंदरांच्या मोठ्या आतड्यात या पेशी वाढतात. २०१३ मध्ये माणसाच्या विष्ठेतून असे १७ वाण वेगळे काढले. आपल्याला न पचणारे तंतू हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन, शिवाय नवख्या टी-पेशीला नियामक व्हायला तेच मदत करतं.

हाकलून का देत नाही? मध्ये कुंपण आहे. अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं, पण त्यावर चिकट बुळबुळीत थर. मोठ्या आतड्यात त्याच्या आतल्या पदरात जिवाणू जवळजवळ शिरतच नाहीत. शिवाय आयजीए नावाची प्रतिपिंडं त्यांना चिकटून लांब ठेवतात.

इसब त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. औषधानंतर आला म्हणून औषधानेच आला असं होत नाही.

तर्कट:
मामा, सगळं उंदरांवरचं. माणसाचं काय?

उंदीरमामा:
टोमणा मान्य. क्रोन्स म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा आजार. त्याच्या बऱ्याच रुग्णांत ब्युटिरेट बनवणारा फीकॅलिबॅक्टेरियम हा जिवाणू कमी सापडतो. पण तो कमी झाला म्हणून आजार, की सुजेने त्याला हुसकावलं, हे नुसत्या मोजणीतून ठरत नाही. बाटलीवर "इम्युनिटी बूस्टर" छापणाऱ्यांना हा भेद नको असतो.

रिकामटेकडी:
मग प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत चांगल्या जिवाणूंच्या, गोळ्या घेऊ का?

उंदीरमामा:
मी तरी घाई करणार नाही. २०१८ मध्ये इस्रायलमध्ये निरोगी माणसांना अँटिबायोटिक देऊन पाहिलं. नंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. रिकाम्या घरात आधी भाडेकरू शिरले की मालकाला जागा मिळायला वेळ लागतो, तसं. अभ्यास छोटा होता, आणि तुमच्या डॉक्टरांनी कारण सांगून गोळ्या दिल्या असतील तर गोष्ट वेगळी. जेवणात तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवा. एकदम वाढवलेत तर पोट फुगून मला शिव्या घालाल.

रिकामटेकडी:
धागा नणंदेला पाठवला. तिचं उत्तर: "बघ, मी म्हटलं नव्हतं?"