डॉक्टर हू मध्येच सुटली, आता कुठून धरावी?

हर्णैबंदर
डॉक्टर हू, म्हणजे बीबीसीची विज्ञानकथा मालिका, जिच्यात डॉक्टर हे मुख्य पात्र दर काही वर्षांनी नव्या कलाकाराच्या रूपात येतं, ती 2005 पासूनची क्रमाने बघत आलो. डॉक्टर झालेल्या जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीच्या दुसऱ्या सिझनला, म्हणजे 2020 च्या बाराव्या सिझनमध्ये, चौथ्या भागानंतर सुटली. गोष्टी रंगेनाशा झाल्या होत्या. आता परत धरायची आहे. उरलेलं सगळं बघायलाच हवं, की थेट नंतर डॉक्टर झालेल्या शूटी गाटवापासून सुरू केलं तर चालेल? यादीत 'सिझन 1' दोनदा दिसतो, तो काय घोळ आहे? शिवाय पावसात आमच्याकडे लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही, त्यावरही कुणी सांगा.

खाडीपलीकडे
सुटली तिथूनच धरा, कारण पुढचाच भाग, 'फ्युजिटिव्ह ऑफ द जुडून', त्या सिझनचं खरं सूत्र वर आणतो. सहावा-सातवा गाळला तरी अडत नाही. आठवा, नववा, दहावा मात्र सलग बघा: आठव्यात डॉक्टर एक निर्णय घेते आणि त्याची किंमत पुढच्या दोन भागांत मोजावी लागते.

मग 1 जानेवारी 2021 चा 'रेव्होल्यूशन ऑफ द डालेक्स'. डॉक्टरचे सोबती ग्रॅहम आणि रायन इथे निरोप घेतात. हा राहिला तर 'फ्लक्स' सुरू होताना माणसं कुठे गेली ते कळत नाही. 'फ्लक्स' म्हणजे तेरावा सिझन, सहा भागांची एकच गोष्ट. त्यातला एकही भाग गाळू नका आणि आठवड्याला एक असंही बघू नका. पात्रं इतकी आहेत की मागचे धागे डोक्यातून जातात. शेवटाकडे गर्दी फार होते, हे खरं. पण चौथा, 'व्हिलेज ऑफ द एंजल्स', हा त्या काळातला माझ्या मते सर्वांत भक्कम भाग आहे.

नंतर 'ईव्ह ऑफ द डालेक्स'. मँचेस्टरमधलं सामान ठेवायचं गोदाम, 31 डिसेंबरची रात्र. सगळे मरतात आणि वेळ पुन्हा मागे जाते, पण प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा एक मिनिटाने उशिरा सुरू होते. बाराच्या ठोक्याला सगळं थांबणार, म्हणून हातातली मिनिटं कमी होत जातात. इतकी नेटकी मांडणी या मालिकेतही क्वचित सापडते. 'लेजंड ऑफ द सी डेव्हिल्स' सोडलात तरी चालेल. 'द पॉवर ऑफ द डॉक्टर' (23 ऑक्टोबर 2022) चुकवू नका, व्हिटेकरचा शेवट तिथे आहे.

सुरमई
माझं मत वेगळं आहे. कंटाळून सोडलेली गोष्ट तिथूनच रेटत नेली की माणूस पुन्हा सोडतो. आधी रुची परत येऊ द्या. चौथ्या सिझनचे शेवटचे दोन भाग ('द स्टोलन अर्थ', 'जर्नीज एंड') पुन्हा बघा, कारण डॉक्टरची जुनी सोबतीण डोना (कॅथरिन टेट) हिची आठवण का पुसली गेली हे ताजं नसेल तर 2023 च्या 'द स्टार बीस्ट'मध्ये काहीच पणाला लागलेलं वाटत नाही. त्यानंतरचा 'वाइल्ड ब्लू यॉन्डर' बघाच: रिकामं अवकाशयान, जवळजवळ सगळा वेळ फक्त डॉक्टर झालेला डेव्हिड टेनंट आणि कॅथरिन टेट, आणि समोरच्या माणसाचे हात जरा जास्तच लांब आहेत हे हळूहळू लक्षात येणं. त्यात फ्लक्सचा उल्लेख येतो, पण संदर्भ नसला तरी गोष्ट पोचते.

रेवसबंदर
सिझनच्या आकड्यांचं: 1963 चा एक पहिला सिझन, 2005 चा दुसरा पहिला. डिस्नेशी भागीदारी झाल्यावर मोजणी पुन्हा 1 पासून, म्हणून 2024 चा तिसरा पहिला. नंबर बघू नका, वर्ष बघा.

याहून मोठी फसगत विशेष भागांची. बऱ्याच याद्यांत ते वेगळ्या खणात असतात. सिझन संपला की 'पुढचा भाग' आपोआप सुरू होतो आणि मधला विशेष भाग निसटतो. नेमके डॉक्टर बदलतात ते भाग तिथे असतात: 'द टाइम ऑफ द डॉक्टर' (2013), 'ट्वाइस अपॉन अ टाइम' (2017). गाटवाची खरी सुरुवातही 'सिझन 1' मध्ये सापडणार नाही, ती 25 डिसेंबर 2023 च्या 'द चर्च ऑन रुबी रोड'मध्ये. सिझन सुरू करण्याआधी आपोआप-चालू बंद करा आणि तारखांनुसार यादी लिहून घ्या.

पागोळी
आगोटीच्या बेगमीसारखेच भाग आधी भरून ठेवा. 45 मिनिटांचा भाग 480पी मध्ये साधारण 300 ते 400 एमबी घेतो, फोनच्या पडद्याला तेवढं पुरतं. डाउनलोड पहाटे लावा, तेव्हा नेट मोकळं असतं. एक अडचण: काही ॲपवर भाग एकदा सुरू केला की ठरावीक तासांत संपवावा लागतो, मग तो उडतो. म्हणून नुसता तपासायला उघडू नका.

लाईटसाठी राउटरचा छोटा यूपीएस घ्या. आधी ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. बरेच राउटर 12 व्होल्टचे, पण 9 व्होल्टचेही असतात, आणि चुकीचा जोडला तर राउटर जळू शकतो. विजा कडाडायला लागल्या की ॲडॉप्टर भिंतीतूनच काढा. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, सॉकेटमधून येते. पत्र्यावर पाऊस असेल तर स्पीकरचा उपयोग नाही: संवाद हळू आणि संगीत मोठं असतं. इयरफोन लावा, सबटायटल चालू ठेवा.

हर्णैबंदर
आभार. आधी डोना, मग मागे येऊन फ्लक्स, असं ठरवतो. गाटवाच्या भागांसाठी जुनं काही बघावं लागेल का?

सुरमई
दोनच. 2025 च्या 'द वेल'आधी 2008 चा 'मिडनाइट', पण का ते आधी वाचू नका. आणि 2024 च्या शेवटच्या दोन भागांआधी 1975 ची 'पिरॅमिड्स ऑफ मार्स', तेव्हाचा डॉक्टर टॉम बेकर याची, चार छोटे भाग.