एमजीबीचं ॲव्हरेज काढायला फुल टाकी पुरे. कॅन लावायची गरज नाही

उद्यमनगर_लेथ:
दसरा जवळ आला की जुन्या गाड्यांची कव्हरं निघतात आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज काय देते?’ त्याच १७९८ सीसीच्या एमजीबीचं, म्हणजे जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स गाडीचं, कुणी ७ सांगतो, कुणी १३. खोटं कुणीच बोलत नसतं, नीट मोजलेलं कुणी नसतं. लिटरसाठी सगळे जीव टाकतात आणि किलोमीटर मात्र डोळे झाकून घेतात. अंतर पक्कं केलं तर टाकी भरा, फिरवा, पुन्हा भरा, म्हणजे फुल टाकी ते फुल टाकी, एवढं या गाडीला बास आहे. पेट्रोलचा वेगळा कॅन जोडून मोजायची गरज नाही, असं माझं मत.

स्मिथ्सच्या स्पीडोमीटरच्या डायलवर बारीक आकड्यात १०४० किंवा १२८० असं काहीतरी छापलेलं असतं. एक मैल जाताना गिअरबॉक्सकडून मीटरकडे येणारी केबल किती फेरे घेईल, तो हा आकडा. चार मालक झालेल्या गाडीत गिअरबॉक्स एका गाडीचा आणि मीटर दुसऱ्या गाडीचा हे नेहमीचंच. तपासायला रॅम्प लागत नाही. सपाट फरशीवर १६.०९ मीटर मोजून खडूच्या दोन रेघा मारा. हा मैलाचा शंभरावा भाग. केबल मीटरमागून सोडवा, आतल्या तारेच्या टोकाला चिकटपट्टीचं निशाण लावा, गाडी न्यूट्रल करून दोघांनी सरळ ढकला आणि तिसऱ्याने फेरे मोजा. १२.८ फेरे आले तर मीटर १२८० चा हवा. १०.४ आले आणि डायलवर १२८० असेल तर मीटर जवळजवळ पाचवा हिस्सा कमी अंतर दाखवणार. आणि वेगाचा काटा ८० ला ९० दाखवतो म्हणून अंतराचे आकडेही चुकतात असं धरू नका. काटा चुंबकाच्या ओढीवर फिरतो, आकडे दात्यांवर.

मग टायर. मूळ १६५/८० आर १४ च्या जागी १८५/७० घातले तर घेरात एक टक्काही फरक नाही. १८५/६५ घातले तर घेर सुमारे ३.८ टक्क्यांनी घटतो, चाक जास्त फेरे घेतं आणि मीटर फुगवून सांगतं. उदाहरण: मीटरवर १९८ मैल, म्हणजे ३१८.६ किमी, भरलं ३४.२ लिटर. ॲव्हरेज ९.३. टायर १८५/६५ असतील तर खरं ८.९६.

भरताना तोच पंप, तेच नोझल, गाडीचं तोंड त्याच दिशेला, आणि पहिल्या कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद पडेल तिथे, थांबायचं. मानेपर्यंत टपटप ओतत बसू नका. कटमध्ये अर्धा लिटर मागे-पुढे होतो. १० लिटर भरले तर ती ५ टक्के चूक, ३५ भरले तर दीड टक्क्याच्या आत. म्हणून टाकी अर्ध्याच्या खाली गेल्याशिवाय हिशोब नको. दर बघून कधी इथे कोल्हापुरात, कधी सीमेपलीकडे कर्नाटकात निपाणीला भरणाऱ्यांनी तर हिशोबाच्या वाटेलाच जाऊ नये. पंपाच्या मापावर संशय असेल तर ५ लिटरचं शिक्क्याचं माप मागा, प्रत्येक पंपावर असतं. त्यात २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो.

सुईवाला:
अंतराचं शंभर टक्के मान्य. पुढचं नाही.

फुल टाकीने कळतं ते महिन्याभराचं ॲव्हरेज. एसयूच्या, म्हणजे या गाडीच्या कार्ब्युरेटरच्या, जेटचा नट एक फ्लॅट (सहा बाजूंच्या नटाची एक बाजू) फिरवला आणि निकालासाठी ३०० किमी थांबायचं म्हटलं तर मध्ये महाद्वार रोडची शनिवारची गर्दी येते, जोतिबाचा चढ येतो, दोन दिवस पाऊस पडतो. आकडा बदलला तो नटामुळे की गर्दीमुळे, सांगणार कोण? ट्यूनिंगसाठी मोजायचं असेल तर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, थोडक्या अंतरात मोजता आलं पाहिजे. त्याला कॅनच लागतो.

जोडणी अशी. ५ लिटरचा, स्क्रू झाकणाचा धातूचा कॅन डिकीत पट्ट्याने आवळून. झाकणातून हवेची बारीक नळी, तिचं तोंड डिकीबाहेर. एमजीबीचा इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप मागेच असतो, त्यामुळे टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत तीन तोंडांचा पितळी कॉक बसवता येतो. कॅन ते कॉक ही नळी आधी पेट्रोलने भरून घ्यायची, मगच कॅनचं वजन करायचं. नाहीतर नळी भरायला गेलेलं पेट्रोल इंजिनच्या नावावर लागतं. मोठ्या टाकीवर १०-१२ किमी चालवून इंजिन तापवा. ठरलेल्या दगडापाशी थांबा, कॉक कॅनवर. तावडे हॉटेलपासून कागलमार्गे कोगनोळीच्या अलीकडे जाऊन, वळून त्याच दगडाला परत, कॉक टाकीवर. कॉकच्या पुढची नळी आणि फ्लोटची वाटी (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती) सुरुवातीला भरलेली असते तशीच शेवटीही असते, म्हणून तिथे गोंधळ होत नाही. जाऊन-येऊन मोजायचं, कारण वारा आणि उतार एकाच बाजूचे असतात.

लिटर मोजू नका, वजन करा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा डिजिटल काटा चालतो. पंपावर रोज १५ अंशांची घनता लिहिलेली असते. ७४५ असेल तर १४९० ग्रॅम म्हणजे २ लिटर. तापमान वाढलं की पेट्रोल फुगतं, अंशाला हजारातला एक भाग. वजन फुगत नाही.

पन्हाळा_थर्ड_गिअर:
सुईवाले साहेब, कागदावर छान आहे. पण पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला तुम्ही तीन नवे जोड घातलेत. तिथे टाचणीएवढी फट राहिली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. पंप वेड्यासारखा टिकटिकतो, चढाला वाटी रिकामी पडते, मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. म्हणजे जे मोजायला निघालात तेच जोडणीने बदललं. शिवाय त्या पंपाच्या आत पॉइंट असतात आणि ठिणगी पाडतात. शेजारी पेट्रोलचा कॅन घेऊन हायवेला जाणं मला पटत नाही.

बॉनेटखाली पेट्रोलची बाटली टांगणारेही बघितलेत. त्यांना हात जोडून सांगणं आहे: एमजीबीच्या बी सिरीज इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, वर-खाली असतात. गळलेला थेंब सरळ तापलेल्या लोखंडावर पडतो.

आणि सपाट रस्त्यावरचा आकडा घेऊन करायचं काय? इथे गाडी पन्हाळ्याला जाते. एक टनाची गाडी ४०० मीटर वर चढवायला इंजिनचा तोटा धरून साधारण अर्धा लिटर जादा लागतं. उतरताना ते परत मिळत नाही. नव्या गाडीत पाय काढला की इंजेक्टर बंद होतो. एसयूत तशी सोय नाही, घाट उतरतानाही तो पेट्रोल पाजतच राहतो.

तांबडा_पांढरा:
आरं भावांनो, गाडी वर्षाला फिरणार ५००-६०० किलोमीटर. ८ दिलं काय न् १० दिलं काय, फरक पंधरा लिटरच्या वर न्हाई. कशाला एवढा कुटाणा करतायसा? प्लग काढा, रंग बघा. विटकरी तपकिरी हाय म्हंजे झ्याक, काळा हाय म्हंजे नट एक फ्लॅट वर. इतकं सोपं हाय.

सुईवाला:
तांबडादादा, पैशासाठी कुणी मोजत नाही. ॲव्हरेज म्हणजे गाडीचा ताप. ९ देणारी गाडी ७ वर आली की कुठेतरी दुखतंय, हे गॅरेजमध्ये कळायच्या आत आकडा सांगतो.

ठरलेले गुन्हेगार सांगतो. चोकची तार अडकून जेट पूर्ण वर न येणं: चोक आत ढकलला तरी खालून बोटाने जेट वर सरकला, तर तो अडकलेलाच होता. डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (हलक्या पायाला ठिणगी लवकर पाडणारी सोय) पडदा फाटणं: नळी तोंडाने ओढून जीभ लावून धरा, ओढ टिकली नाही तर पडदा गेला. हायवेला हलक्या पायाने चालवतानाच याचा फटका बसतो, आयडलिंगला काही कळत नाही. ब्रेक धरून ठेवणं: १० किमी नंतर चारही चाकांना हात लावा, एक जास्त गरम लागलं तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर बघा. आणि आपल्याकडची खास सवय, ‘गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणं. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट काढला की हिवाळ्यात सकाळी इंजिन तापतच नाही, पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटून राहतं, चालवणारा चोक अर्धा ओढून कागलपर्यंत जातो. मग म्हणायचं, इंग्रजी गाडी पितेच फार.

प्लगच्या रंगावर आता पूर्वीसारखी भिस्त ठेवता येत नाही. शिशाच्या पेट्रोलबरोबर तो विटकरी रंगही गेला. कार्ब्युरेटरचा पिस्टन उचलायची पिन जास्त खरी. हवा खेचायचा फिल्टर काढा, इंजिन गरम हवं, पिन साधारण पाऊण मिलिमीटर उचला. आरपीएम वाढून वरच राहिले तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन पडू लागलं तर लीन, किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. नट वर म्हणजे लीन, खाली म्हणजे रिच. सगळंच बिघडलं असेल तर जेट कार्ब्युरेटरच्या आतल्या पुलाच्या (ब्रिजच्या) बरोबरीला आणून तिथून १२ फ्लॅट, म्हणजे दोन फेरे, खाली. हे एचएस४ प्रकारच्या एसयूचं. एचआयएफ४ प्रकाराला बाजूला स्क्रू असतो.

शिरोळचा_ऊस:
सगळं बोललात, ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) सोडून. आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतंय, अभिमान आहे, पण हिशोब हिशोबाच्या जागी. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. २० टक्के मिसळलं की लिटरमागे साडेसहा-सात टक्के ऊर्जा गेली. त्यामुळे २०२० ची वही आणि आजची वही शेजारी ठेवून ‘गाडी बिघडली’ म्हणू नका.

दुसरं, शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. जेट जुन्याच जागी ठेवला तर मिश्रण आपोआप लीन होतं. काही जण खुश होतात की ॲव्हरेज फारसं पडलं नाही. ते लीन चालवतायत. कार्ब्युरेटरमधून शिंक येते, चढाला पाण्याचा काटा वर जातो. जेट एक-दोन फ्लॅट खाली घेतला की आवाज सुधारतो आणि आकडा पडतो. तो पडलेला आकडा खरा.

नळ्याही बघा. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, आतून सुटतं, काळा चुरा फ्लोटच्या सुईखाली जातो आणि वाटी वाहते. इथेनॉल सोसणारी, आर ९ लिहिलेली नळी घ्या.

बाइकवाला_कागल:
एक शंका. ऑनलाइन प्लास्टिकचा फ्लो सेन्सर मिळतो, आत पंखा असलेला. तो नळीत बसवून थेट आकडा दिसला तर फुल टाकी नको, कॅन नको?

उद्यमनगर_लेथ:
तो पाण्यासाठीचा आहे. मिनिटाला १ लिटरपासून पुढे मोजतो. ६० च्या वेगाने १० चं ॲव्हरेज म्हणजे तासाला ६ लिटर, मिनिटाला १०० मिली. पंखा हलणारच नाही. वर गाडीतला एसयूचाच पंप पेट्रोल सलग ढकलत नाही, हिसके देतो. आणि ते प्लास्टिक पेट्रोलमध्ये किती दिवस टिकेल ते वेगळंच.

सुईवाल्यांचं वजनाचं पटलं, घनतेचा फलक वापरायचंही पटलं. ओढणाऱ्या बाजूला कॉक मात्र अजूनही पटत नाही.

सुईवाला:
कॉक ठेवा बाजूला. तुमच्या फुल टाकीला तरी गाडी लायक आहे का ते आधी बघा. इंजिन बंद, किल्ली फक्त ऑन. पंप पाच-सात वेळा टिकटिक करून गप्प बसला पाहिजे. नंतर अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा टिक आली तर कुठूनतरी पेट्रोल जातंय: फ्लोटची सुई, नळी, नाहीतर पंपाची झडप. वाटीच्या ओव्हरफ्लो नळीखाली पांढरा कागद धरा. ओला झाला तर व्हिटॉनच्या (पेट्रोल सोसणारं रबर) टोकाची नवी सुई घाला आणि मग टाकी भरा.

पन्हाळा_थर्ड_गिअर:
कागद धरताना किल्ली ऑनवर दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट बंद स्थितीत असतील तर कॉइल तापते. पंपाची तेवढी वायर वेगळी करून थेट बॅटरीवर घेतली तर उत्तम, पण ती गाठ पंपापासून लांब मारा.