टॅरोमध्ये काठी दिसली की लगेच शृंगारच का?

पेल्यांची राणी:

टॅरो रीडिंगचे, म्हणजे ७८ चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचे, व्हिडिओ बघणाऱ्यांना ही लाट माहीत असेल. पत्ता कुठलाही निघो, अर्थ शेजघरातच जाऊन थांबतो. रायडर-वेट या नेहमीच्या टॅरो डेकबद्दलचे (पत्त्यांच्या जोडाबद्दलचे) ऐकलेले काही नमुने देते. वाँड्सचा (काठ्यांचा) एक्का, म्हणजे ढगातून आलेल्या हातातला उभा सोटा: "याहून स्पष्ट काय हवं?" हाय प्रीस्टेस या पत्त्यावर तिच्या बाजूचे दोन खांब म्हणजे पाय आणि मधला पडदा म्हणजे पुढचं तुम्ही समजा. टॉवरचा उडालेला मुकुट आणि भोवती पडणारे थेंब, इथे तर सांगणाराच लाजतो. वर्ल्डमधलं पानांचं लंबगोल तोरण म्हणजे योनी. कप्सच्या (पेल्यांच्या) पेजच्या, म्हणजे तरुण सेवकाच्या, पेल्यातून मासा डोकावतो, त्या बिचाऱ्या माशाबद्दल जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हसून पोट दुखतं, पण प्रश्न खरा आहे. काढणाऱ्यांनी या चित्रांत असा काही आशय मुळात ठेवला होता का? असेल तर कुठे? आणि ओढूनताणून लावलेला अर्थ ओळखायचा कसा?

जुनी पानं:

सुरुवात त्या सोट्यापासून करू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. वाँड्स हा रंग, म्हणजे पत्त्यांचा गट, मुळात पोलोच्या काठ्यांचा होता. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुकांच्या (इजिप्तच्या जुन्या सुलतानांच्या) काळातल्या पत्त्यांचा एक जुना जोड आहे. त्यात चार रंग आहेत: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या (टॅरोतले कप्स, पेंटॅकल्स, सोर्ड्स आणि वाँड्स). चौदाव्या शतकात पत्ते युरोपात पोचले तेव्हा तिथे पोलो कुणाला माहीत नव्हता, म्हणून इटली-स्पेनमध्ये त्या काठ्यांचे दंडुके आणि सोटे झाले. उत्तर इटलीत १४४० च्या सुमारास याच चार रंगांना चित्रांची जास्तीची पानं जोडली गेली आणि टॅरो तयार झाला. तो खेळायचा डाव होता आणि ती जास्तीची पानं म्हणजे कायमचे हुकूम. भविष्याशी त्याचा संबंध ठळकपणे जोडला गेला तो १७८१ नंतर, फ्रान्समध्ये.

रंगाची खूण ही आधी रंग ओळखण्यासाठी असते. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं आणि दहा रंग असतात. मत्स्याच्या रंगाला मासा, परशुरामाच्या रंगाला परशू. पानावर मासा दिसला की खेळणाऱ्याला रंग कळतो, एवढंच त्याचं काम.

आता बाकीचे नमुने. हाय प्रीस्टेसच्या खांबांवर बी आणि जे ही अक्षरं आहेत. ते सॉलोमनच्या मंदिरातले बोअझ आणि याखीन हे दोन खांब. बायबलमध्ये त्यांच्या कळसांवर डाळिंबं असल्याचं वर्णन आहे, म्हणून मागच्या पडद्यावरही डाळिंबं आहेत. टॉवरभोवतीचे थेंब मोजा. एका बाजूला १०, दुसऱ्या बाजूला १२, मिळून २२. ते हिब्रू 'योद' अक्षराच्या आकाराचे आहेत. हिब्रू लिपीत अक्षरं २२ आणि मेजर अर्कानाची, म्हणजे त्या जास्तीच्या चित्रांची, पानंही २२. मार्सेय या जुन्या फ्रेंच डेकमध्ये त्याच जागी रंगीत गोळे पडताना दिसतात. थेंबांवर उभारलेला अर्थ गोळ्यांना लागू पडत नाही, म्हणजे तो अर्थ पत्त्याच्या विषयाचा नाही.

वर्ल्डचं तोरण मध्ययुगीन चर्चच्या दारावर सापडेल. सिंहासनावरच्या ख्रिस्ताभोवती बदामी आकाराचं वलय आणि चार कोपऱ्यांत माणूस, गरुड, बैल, सिंह. वर्ल्डच्या चार कोपऱ्यांत हेच चौघे आहेत. आणि पेजचा मासा? रायडर-वेट डेक आखणाऱ्या ए. ई. वेटने १९११ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की ही मनातली चित्रं आकार घेतायत. कल्पना अचानक समोर येऊन बघू लागते, असा तो पत्ता आहे.

रेघोट्या:

चित्र काढणाऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. रायडर-वेटची ही चित्रं पामेला कोलमन स्मिथची. १९०९ मध्ये काही महिन्यांत तिने पूर्ण डेक काढला. काम प्रचंड आणि पैसे फारच कमी, असं तिने स्वतः पत्रात लिहिलंय.

चौकट बघा: आजचा नेहमीचा पत्ता साधारण ७ बाय १२ सेंटिमीटर. उंच आणि अरुंद. त्यात काठी किंवा तलवार ठळक दाखवायची तर उभीच बसवावी लागते. आडवी धरली तर एकतर चौकटीबाहेर जाते नाहीतर काडीएवढी दिसते. दुसरी अट मोजणीची. सातच्या पत्त्यावर सात काठ्या एका नजरेत मोजता आल्या पाहिजेत, म्हणून त्या सुट्या आणि सरळ लागतात. ढगातून येणारा हात चारही एक्क्यांवर आहे. देवाचा हात असा दाखवण्याची ख्रिस्ती चित्रांतली पद्धत शेकडो वर्षं जुनी. पेंटॅकल्सच्या एक्क्यावर तोच हात नाणं धरतो, तेव्हा मात्र कुणाला काही सुचत नाही.

स्मिथला रंगभूमीची चांगली ओळख होती. बऱ्याच मायनर (चार रंगांच्या) पत्त्यांवर पात्राच्या मागे एक आडवी रेघ दिसते, जणू पुढे रंगमंच आणि मागे रंगवलेला पडदा. पात्रांचे हातवारे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला कळावेत असे मोठे आहेत. कुणी काठी घट्ट धरून उभा असेल तर वाँड्सच्या नवातली सावध भीती किंवा सातातली झुंज दाखवायची असते. आधी चेहरा बघा, खांदे बघा, मग हातातली वस्तू.

नग्नतेबद्दलही बोलू. अठ्ठ्याहत्तरांपैकी सहा पत्त्यांवर नग्न माणसं आहेत: लव्हर्स, डेव्हिल, स्टार, सन, जजमेंट, वर्ल्ड. सनवर लहान मूल आहे. जजमेंटवर शवपेट्यांतून उठणारी माणसं, जशी चर्चच्या भिंतींवर निवाड्याच्या दिवशीची रंगवत. आणि लव्हर्सवरचे आदम आणि हव्वा म्हणजे, वेटच्याच म्हणण्याप्रमाणे, वासनेने मलिन होण्याआधीचं निष्पाप प्रेम. सगळ्यात 'गरम' म्हणून दाखवला जाणारा पत्ता नेमका उलटं सांगतोय!

पाव भाजी नाही:

हिशेब करा. लांब वस्तू म्हणजे पुरुष आणि गोल-पोकळ वस्तू म्हणजे स्त्री, हा नियम धरला तर वाँड्स १४ आणि सोर्ड्स १४, एकूण २८ पुरुष. कप्स १४, पेंटॅकल्स १४, एकूण २८ स्त्रिया. ५६ पैकी ५६ पत्ते लैंगिक. एकही सुटला नाही! मग कुठला पत्ता निघाला याला अर्थच उरत नाही, रीडिंग पत्ते न पिसताही सांगता येईल. फ्रॉइडच्या यादीत काठ्या, छत्र्या, चाकू एका बाजूला आणि पेट्या, गुहा, जहाजं दुसऱ्या बाजूला होती. ती यादी घेऊन स्वयंपाकघरात गेलात तर लाटणं आणि पातेलंसुद्धा संशयित ठरतील.

अकरावा पत्ता:

वरचं सगळं पटतं, पण दुसरी बाजू नीट मांडली गेली पाहिजे, कारण हा आशय टॅरोत कुठेच नाही असं म्हणणंही चूक आहे.

वाँड्सच्या एक्क्याचे अर्थ देताना वेटने निर्मिती, उद्योगाचा आरंभ, जन्म, कुळ, मूळ हे लिहून त्यामागचं पौरुष असंही म्हटलंय. म्हणजे पोलोची काठी हा इतिहास खरा असला तरी १९०९ च्या डेकमध्ये या एका पत्त्याला तो अर्थ जोडलेला आहे. फक्त यादीत तो निर्मिती, आरंभ, जन्म यांच्यानंतर येतो, मुख्य भर 'सुरुवात' यावर आहे. सोट्याला पालवी फुटलीय तीही म्हणूनच. वेटच्या मते हा सगळा रंगच जिवंतपणाचा.

त्यामागे गोल्डन डॉनची शिकवण आहे. ही गुप्त संस्था लंडनमध्ये १८८८ मध्ये सुरू झाली आणि वेट, स्मिथ दोघंही तिचे सभासद होते. तिथे वाँड्स म्हणजे अग्नी, कप्स म्हणजे जल, सोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी. अग्नी पितृतत्त्व, जल मातृतत्त्व. पण तत्त्व म्हणजे अवयव नव्हे. हा फरक पुसला की पराचा कावळा होतो.

उघड लैंगिक आशय हवा असेल तर अॅलिस्टर क्राउली या इंग्रज गूढवाद्याचा थॉथ डेक बघा. फ्रीडा हॅरिसने तो १९३८ ते १९४३ मध्ये रंगवला, पत्त्यांच्या रूपात तो १९६९ मध्ये बाजारात आला. क्राउलीच्या साधनेतच लैंगिक विधी होते आणि ते त्याने पत्त्यांत मुद्दाम आणले. 'स्ट्रेंग्थ'चं नाव बदलून 'लस्ट' केलं: सात डोक्यांच्या श्वापदावर स्वार झालेली स्त्री, हातात पेला. तिथे लैंगिक अर्थ सांगणारा बरोबर सांगतोय.

घोळ होतो तो दोन डेक एकत्र केल्याने. थॉथमध्ये लस्ट अकरावा. वेटने मात्र स्ट्रेंग्थ आठव्या जागी नेला आणि जस्टिस अकराव्या. त्यामुळे 'अकरा म्हणजे वासना' हे वाक्य पाठ केलेला माणूस रायडर-वेट समोर ठेवून बोलायला लागला की त्याचं बोट तराजू-तलवार घेऊन ताठ बसलेल्या न्यायदेवतेवर पडतं!

रायडर-वेटमध्ये शारीर प्रेम किंवा जनन हा अर्थ सरळ निघतो असे पत्ते माझ्या मते मोजके: एम्प्रेस (पिकलेलं शेत आणि हृदयाच्या आकाराच्या ढालीवर शुक्राचं चिन्ह), कप्सचा दोन, डेव्हिल, आणि वरच्या मर्यादेत वाँड्सचा एक्का.

पेल्यांची राणी:

सगळ्यांचे आभार. आता एक व्यवहारातला प्रश्न. समोरच्याने नोकरीबद्दल विचारलंय, निघाला टॉवर किंवा वाँड्सचा एक्का, आणि रीडर शेजघरात शिरला. विचारणाऱ्याने काय करावं? आणि शिकणाऱ्याने स्वतःला ही सवय लागू नये म्हणून काय करावं?

अकरावा पत्ता:

विचारणाऱ्याने मधेच थांबवून तीन गोष्टी विचाराव्यात. हा डेक कुठला? चित्रातल्या नेमक्या कुठल्या भागावरून हा अर्थ काढला? आणि माझ्या नोकरीच्या प्रश्नात तो कुठे बसतो? तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर रीडिंग तिथेच संपवावं. न विचारता शरीराबद्दल किंवा खाजगी आयुष्याबद्दल बोलणाऱ्यासमोर बसून राहण्याचं कारण नाही, पैसे दिलेले असले तरी.

शिकणाऱ्यांनी पत्ते पिसण्याआधी प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहावा. पत्ता उलटल्यावर आधी फक्त दिसतं ते बोलावं: किती माणसं, काय करतायत, कुठे बघतायत, जमीन कशी आहे. अर्थ त्यानंतर. मग तोच पत्ता मार्सेय डेकमध्ये काढून शेजारी ठेवावा. दोन्हीत टिकतं ते पत्त्याचं, एकातच दिसतं ते चित्रकाराचं किंवा पंथाचं, आणि कशातच दिसत नाही ते आपल्या डोक्यातलं. वेटचं पुस्तक प्रताधिकारमुक्त आहे, नेटवर फुकट मिळतं, तेव्हा पडताळायला वेळ लागत नाही.

जुनी पानं:

यात शेजारच्या पत्त्यांची भर घाला. एकटा पत्ता ताणायला सोपा, तीन ओळीत असले की ताणता येत नाही. नोकरीच्या प्रश्नात टॉवरचा मुकुट म्हणजे वरची जागा. ती अचानक गेली, आणि माणसं दोन पडतायत, म्हणजे फटका एकट्याला नाही. त्यापुढे वाँड्सचा एक्का आला तर नवं काम हातात येतंय. तिसऱ्या जागी वाँड्सचा दहा आला, दहा काठ्या कवटाळून वाकलेला माणूस, तर त्या नव्या कामाचा बोजा किती हे पगार ठरवण्याआधी विचारून घ्यायला सांगा.