'धर्मांतर' म्हणावं की 'पंथांतर'?

शाईपेन
एका मोठ्या लेखाचं भाषांतर हातात आहे. विषय : काही कॅथलिक चर्च सोडून प्रोटेस्टंट का होतात. पहिल्याच परिच्छेदात अडलंय. मी 'धर्मांतर' लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून 'पंथांतर' केलं. त्यांचं म्हणणं, आधीही ख्रिस्ती, नंतरही ख्रिस्ती, मग धर्म बदलला कुठे? पटतं. पण लेखातली माणसं या बदलाला 'नवा जन्म' म्हणतात, आणि 'पंथांतर' वाचून ऑफिसात खातं बदलल्यासारखं वाटतं. शिवाय मुळातला शब्द पुढे 'मन देवाकडे वळणं' याही अर्थाने येतो. दोन्हीकडे चालेल असा एक शब्द आहे का?

तळटीप
संपादक बरोबर आहेत. यात कसोटी बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या पाण्याच्या विधीची. पाणी वापरलं असेल आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने' हे शब्द उच्चारले असतील, तर प्रोटेस्टंटाने दिलेला बाप्तिस्माही कॅथलिक चर्च वैध धरतं. रास्त शंका असल्याशिवाय पुन्हा देत नाही (कॅथलिक चर्चची १९८३ ची कायदेसंहिता, कलम ८६९). लुथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट हे प्रोटेस्टंट पंथही कॅथलिकाला सहसा पुन्हा देत नाहीत. दार तेच, खोली बदलली. पंथांतर.

खडूफळा
आणि कॅथलिक माणूस बॅप्टिस्ट झाला तर? तोही प्रोटेस्टंट पंथच. ते पुन्हा देतात. खरं तर 'पुन्हा' हा शब्दच त्यांना मान्य नाही. तान्ह्या बाळाला स्वतःचा विश्वास नसतो, म्हणून तो विधी बाप्तिस्मा नव्हताच, हा पहिलाच, असं ते धरतात. म्हणजे तुमच्या कसोटीने लुथरन होणारा पंथांतर करतो आणि बॅप्टिस्ट होणारा धर्मांतर? एकाच लेखात दोन शब्द वापरायचे?

तळटीप
कसोटी कोणाची हे आधी ठरवा. सोडलेल्या चर्चच्या नजरेने पाहिलं तर कलम ७५१ मध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ख्रिस्ती विश्वास संपूर्ण टाकला तर धर्मत्याग. एखादं मूलभूत सत्य हट्टाने नाकारलं तर पाखंड. पोपची सत्ता नाकारली तर फूट. कॅथलिकाचा प्रोटेस्टंट होतो तेव्हा दुसरी किंवा तिसरी लागू होऊ शकते, पहिली नाही. त्यामुळे 'धर्मत्याग केला' असं कुठे लिहिलं असेल तर ते मात्र आधी काढा.

पाटीवाला
'पाखंड' आलाच आहे तर थोडं अवांतर. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, त्यात शिवी नाही. सगळ्या पासंडांचा मान राखा, असं राजा सांगतो. गंमत म्हणजे ग्रीकमधला 'हैरेसिस' तसाच. मूळ अर्थ निवड, मग गट, आणि शेवटी चुकीच्या लोकांचा गट. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत (५:१७) यहुद्यांमधल्या सदूकींच्या गटाला हाच शब्द आहे. दोन भाषांत दोन शब्द एकाच जिन्यावरून खाली उतरले. त्यामुळे 'पंथ' आज सोवळा दिसतो, उद्याचं सांगता येत नाही.

मोरावळा
तुमच्या शिलालेखांना नमस्कार, पण वाचक आजचा आहे. लोक 'कॅथलिक धर्म', 'प्रोटेस्टंट धर्म' सर्रास म्हणतात. भाषा कलमांनी चालत नाही. 'धर्मांतर' ठेवा आणि पुढे चला.

तळटीप
लोक इंडल्जन्सलाही 'पापमुक्तिपत्र' म्हणतात, म्हणून ते बरोबर होत नाही.

शाईपेन
अरे बापरे, तो शब्दही आहे माझ्याकडे. वाक्य असं : 'चर्च पैसे घेऊन पापांची क्षमा विकत होतं हे वाचून त्यांचा विश्वास उडाला.' यात काय चुकलं?

तळटीप
दोष आणि दंड यांची गल्लत झाली. कॅथलिक शिकवणुकीत पापाची क्षमा पापनिवेदनात, म्हणजे पुरोहितासमोर पाप कबूल करण्यात होते. तिथे दोष जातो, पण पापामागे राहिलेली ऐहिक शिक्षा शिल्लक असू शकते. इंडल्जन्स म्हणजे त्या उरलेल्या शिक्षेत सूट, आणि कलम ९९२ च्या व्याख्येप्रमाणे दोष आधीच माफ झालेला असावा लागतो. कैद्याला शिक्षेत सूट मिळते तसं समजा : सूट मिळाली म्हणून निकाल फिरत नाही. 'दंडसूट' म्हणा.

पूर्ण सूट हवी असेल तर सांगितलेलं कृत्य करायचं, पापनिवेदन करायचं, कम्युनियन (प्रभुभोजन) घ्यायचं, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना करायची, आणि बारीकसारीक पापांचीही ओढ मनात ठेवायची नाही. एक पापनिवेदन अनेक सुटींना पुरतं, कम्युनियन दर वेळी वेगळं लागतं, आणि दिवसाला एकच पूर्ण सूट. बहुतेकांचं अडतं ते शेवटच्या अटीवर. ती हुकली की सूट आंशिक होते, वाया जात नाही.

जुन्या प्रार्थनापुस्तकांत '३०० दिवसांची सूट' दिसली तर 'शुद्धिस्थानातले ३०० दिवस कमी' असं भाषांतर करू नका. शुद्धिस्थान म्हणजे मरणानंतर आत्म्याची शुद्धी होते ते. आरंभीच्या चर्चमध्ये जाहीर प्रायश्चित्त असे, ते ३०० दिवस केल्याइतकी ती सूट. हा घोळ इतका झाला की पोप पॉल सहावे यांनी १९६७ मध्ये दिवसांची मोजणीच बंद केली.

खडूफळा
व्याख्या चोख आहे. पण दंडसूट विकत फिरणारा धर्मोपदेशक टेट्झेल गल्लीत उभा राहून ही व्याख्या सांगत नव्हता. ऐकणाऱ्याला 'पैसे टाका, सुटा' एवढंच कळत होतं, म्हणून तर १५१७ मध्ये या विक्रीविरुद्ध मार्टिन ल्यूथरचे ९५ मुद्दे आले. पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये पैशांशी जोडलेल्या सुटी रद्द केल्या. काही विकलं जात नसतं तर रद्द काय केलं? सोडून जाणाऱ्याच्या तोंडी 'क्षमा विकत होते' हेच वाक्य शोभतं. त्याची तक्रार तुम्ही धर्मशास्त्रात शुद्ध करून देऊ नका.

शाईपेन
म्हणजे माणसाच्या तोंडी त्याचा शब्द आणि निवेदनात नेमका शब्द. हे जमेल. पण तुम्ही 'शुद्धिस्थान' लिहिलंत, ते पर्गेटरीसाठी चालतं ना?

खडूफळा
रूढ आहे, पण 'स्थान' खटकतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ४ ऑगस्ट १९९९ च्या भाषणात स्पष्ट सांगितलं की ही जागा नव्हे, असण्याची अवस्था. 'शुद्धि-अवस्था' म्हणा.

मोरावळा
'शुद्धि-अवस्थेत गेला' म्हणजे कोणी आजारी पडल्यासारखं वाटतं. शुद्धिस्थानच.

पाटीवाला
आणि हा वाद शब्दाआधी पुस्तकाचा आहे. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार २ मक्काबी १२ मध्ये. ते पुस्तक कॅथलिकांच्या ७३ मध्ये आहे, प्रोटेस्टंटांच्या ६६ मध्ये नाही. लेखात 'बायबलमध्ये पर्गेटरी नाही' असं कोणी म्हणत असेल तर कुठलं बायबल ते विचारा.

मोरावळा
मूळ प्रश्नाकडे या. 'मतांतर' कसं वाटतं? छोटा आहे, सोपा आहे.

खडूफळा
'मतांतर'ने असं वाटतं की माणसाने शिकवणूक तपासली, ताळा जुळला नाही, म्हणून निघाला. तसे असतात, पण बहुसंख्य तसे नसतात. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेची २०१४ ची लॅटिन अमेरिकेची पाहणी पाहा. ८४ टक्के प्रौढ कॅथलिक म्हणून वाढलेले, स्वतःला तेव्हा कॅथलिक म्हणवणारे ६९ टक्के. कॅथलिक सोडून प्रोटेस्टंट झालेल्यांपैकी ८१ टक्क्यांनी देवाशी व्यक्तिगत नातं हवं होतं हे कारण दिलं. यात मत कुठे बदललं? ओढ बदलली.

शाईपेन
हो, 'मन वळणं' याच बाजूला लेख झुकतो. मग मनपालट? की सरळ पश्चात्ताप?

पाटीवाला
आता खऱ्या जागी आलात! मत्तय ४:१७ मध्ये येशूच्या तोंडी ग्रीक 'मेटानोएइते'. नूस म्हणजे मन, मेटा म्हणजे पालट. लॅटिन बायबलने त्याचं 'पेनितेन्तियाम आगिते' केलं, आणि चर्चमध्ये त्याचा अर्थ रुळला 'प्रायश्चित्त करा'. १५१६ मध्ये इरॅस्मस या विद्वानाने ग्रीक पाठ छापला आणि हे भाषांतर हलायला लागलं. ल्यूथरचा पहिलाच मुद्दा या वाक्यावर आहे : ख्रिस्त असं म्हणतो तेव्हा श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच अनुतापाचं असावं असं त्याला म्हणायचं आहे. आणि दुसरा मुद्दा म्हणतो, पुरोहितासमोरच्या संस्कारापुरता तो शब्द घेता येत नाही.

मराठी बायबलात 'पश्चात्ताप' आहे. मागाहून होणारा ताप. ग्रीकमध्ये ताप नाही, लॅटिनमध्ये आहे. 'मनपालट' ग्रीकला जवळचा.

तळटीप
'प्रायश्चित्त' एवढं टाकाऊ नाही. जुनी व्युत्पत्ती 'प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते' अशी आहे. तप अधिक निश्चय. नुसतं मन पालटून भागत नाही, काही करावं लागतं, हाच तर कॅथलिक मुद्दा. दुखावलेल्या माणसाचं घेतलेलं परत कोण करणार?

पाटीवाला
ती व्युत्पत्ती सुंदर आहे, पण भक्ताने लावलेली. शब्द आधी, अर्थ मागून. शिवाय आज 'प्रायश्चित्त' म्हटलं की डोळ्यांपुढे शिक्षा येते.

मोरावळा
शब्द बदलून माणूस दुसऱ्या चर्चमध्ये जातो असं तुम्हा दोघांना खरंच वाटतं?

खडूफळा
एका अव्ययाने गेलेत. रोमकरांस ३:२८ : माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात तिथे 'आलाइन' (केवळ) घातला. ग्रीकमध्ये तो नाही. ओरड झाली तेव्हा १५३० च्या पत्रात त्याने उत्तर दिलं की एक गोष्ट आहे आणि दुसरी नाही असं सांगताना जर्मन माणूस 'आलाइन' घालतोच. त्याचं उदाहरण : शेतकरी धान्यच आणतो, पैसे नाही.

आता हे मराठीत म्हणून बघा. 'शेतकरी धान्य आणतो, पैसे नाही' लंगडं वाटतं. 'धान्यच' म्हटलं की वाक्य उभं राहतं. आपला 'च' म्हणजे त्याचा 'आलाइन'. भाषेच्या अंगाने तो बरोबर होता.

तळटीप
भाषेच्या अंगाने बरोबर, आणि याकोब २:२४ च्या अंगाने अडचणीत. 'केवळ विश्वासाने' ही जोडी बायबलमध्ये जिथे शब्दशः येते तिथे 'नव्हे' लावून येते. शिवाय 'च' कुठे लावता यावर सगळं. 'विश्वासानेच ठरतो' आणि 'विश्वासाने ठरतोच' ही दोन वेगळी धर्मशास्त्रं आहेत.

पण खरा पेच 'ठरतो' मध्ये आहे. न्यायालयात निर्दोष ठरतो तसं ठरणं, की आतून तसं होणं? ग्रीक शब्दाला न्यायालयाचा वास आहे आणि प्रोटेस्टंट त्यावर भर देतात. लॅटिन 'युस्तिफिकारे' मध्ये 'करणे' बसलेलं आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये यावर ३३ नियम काढले. त्यांच्या मते यात पापक्षमा तर आहेच, शिवाय माणसाचं अंतरंग नवं होणंही आहे. मराठी 'नीतिमान ठरणे' निवडलंत की तुम्ही नकळत एका बाकावर बसलात.

शाईपेन
मग कॅथलिक बाजू मांडताना 'नीतिमान होणे' आणि प्रोटेस्टंट बाजू मांडताना 'नीतिमान ठरणे' लिहू?

तळटीप
लिहा. पण जिथे दोघं एकत्र बोलतात तिथे अडेल. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरनांनी याच मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मेथडिस्ट २००६ मध्ये सामील झाले, रिफॉर्म्ड चर्चेस २०१७ मध्ये. तिथे दोन क्रियापदं वापरलीत तर सहमती कशावर झाली हेच वाचकाला कळणार नाही.

मोरावळा
मला एवढंच दिसतंय की पाचशे वर्षांचं भांडण असलेली माणसं सह्या करून मोकळी झाली, आणि इथे 'च' सुटत नाहीये.

पाटीवाला
अजून एक, शाईपेन. 'प्रोटेस्टंट'चा अर्थ कुठे 'निषेध करणारे' दिला असेल तर जपून. १५२९ मध्ये जर्मनीतल्या श्पायरच्या सभेत जे निवेदन दिलं गेलं त्यावरून हे नाव पडलं. त्यात निषेध होताच, पण लॅटिन 'प्रोतेस्तारी' म्हणजे जाहीर साक्ष देणं.

शाईपेन
दिला होता. काढला. आता शेवटचं. 'मारियेची पूजा करतात हे त्यांना खपेना' असं एक वाक्य आहे.

तळटीप
कॅथलिक हे मान्य करणार नाहीत. 'लात्रिया' फक्त देवाची, संतांना 'दुलिया', मारियेला 'हिपरदुलिया'. मराठीत आराधना, वंदन, विशेष वंदन असं लावता येईल. इथे 'पूजा' गोंधळ घालते, कारण आपल्याकडे पूजा देवाचीही होते आणि वहीचीही.

खडूफळा
वाक्य सोडून जाणाऱ्याचं असेल तर 'पूजा'च ठेवा. त्याला फरक दिसत नव्हता, हीच त्याची तक्रार आहे.

शाईपेन
ठीक. मजकुरात सगळीकडे 'प्रोटेस्टंट झाले' लिहून वेळ मारून नेली आहे. पण शीर्षकाला एकच शब्द हवा, आणि संपादक उद्या सकाळी मागणार.

मोरावळा
'स्थलांतर'.

खडूफळा
स्थान नव्हे, अवस्था.

मोरावळा
मग 'अवस्थांतर' लिहा आणि झोपा.

पाटीवाला
'अवस्थांतर' बरा आहे की. मात्र 'अंतर' म्हणजे इथे 'दुसरा', 'दुरावा' नव्हे, हे संपादकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर ते तेही खोडतील.