ह्योको तलावावर हंस पाहायला: नोव्हेंबरअखेर टोकियोहून कसं जमवावं?

निशिकासाईकर

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी निइगाता प्रांतातल्या ह्योको तलावावर हंस पाहायला जायचं आहे. गाडी नाही, सगळं रेल्वेनेच. बरोबर पुण्याहून आलेले आई-बाबा (वय ६८ आणि ७२) आणि सात वर्षांची मुलगी. पहिल्या शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) जाऊन दुपारी परत फिरलं तर चालेल का? हंस कुठल्या जातीचे, ओळखायचे कसे? आणि आईचा प्रश्न: भिगवणला दिसतात ते राजहंस हेच का?

पाणथळ

पहिल्या गाडीने जाऊन दुपारी परत, हा बेत सोडा. नेमकं त्याच वेळात तलाव रिकामा असतो.

ह्योको ही हंसांची झोपायची जागा आहे, खायची नव्हे. उजाडलं की ते कुटुंबाकुटुंबाने उठतात आणि आजूबाजूच्या कापणी झालेल्या भातखाचरांत जातात. तिथे गळालेलं भात, धसकटांना पुन्हा फुटलेल्या कोवळ्या लोंब्या, गवताची मुळं असं खात दिवस काढतात आणि अंधार पडायच्या बेताला परततात. दुपारी पाण्यावर उरतात ते थोडे हंस आणि बदकांची गर्दी, त्यात तलवार बदकं सर्वांत जास्त. टोकियोची पहिली गाडी निइगाताला सव्वाआठच्या सुमारास पोचते. पुढची बदली धरून तलाव गाठेपर्यंत साडेनऊ. तोवर हंस निघून गेलेले असतात.

त्या दिवसांत तिथे सूर्योदय साडेसहाच्या आसपास आणि सूर्यास्त साडेचारच्या थोडा आधी. म्हणून दोनच वेळा खऱ्या: पहाटे सहा ते साडेसात, आणि दुपारी साडेतीन ते पाच.

एकाच दिवसात उरकायचं असेल तर उलटं करा. टोकियोहून दहा-साडेदहाला निघा, संध्याकाळचं परतणं पाहा आणि रात्री परत या. पण मुक्काम जमत असेल तर जरूर करा, कारण संध्याकाळ आणि पहाट ही दोन अगदी वेगळी दृश्यं आहेत. संध्याकाळी थवे चहूबाजूंनी येतात, पंख ताठ धरून घसरत उतरतात आणि पाय पुढे करून पाण्यावर ब्रेक लावतात. पहाटे उड्डाण असतं, आणि ते आधी ओळखता येतं. एक हंस मान ताठ करून डोकं वर-खाली हलवू लागतो, मग त्याचे घरचे तसंच करतात, आवाजाची लय वाढते, सगळे वाऱ्याकडे तोंड करतात, आणि मग पाण्यावर पाय आपटत लांब धावून उठतात. मुलीला हे आधीच सांगून ठेवा: डोकी हलू लागली की त्याच कुटुंबावर नजर ठेवायची.

जाण्याचा मार्ग: टोकियो ते निइगाता जोएत्सु शिनकान्सेन, साधारण दोन तास, एका बाजूचे माणशी दहा-अकरा हजार येन. तिथून शिन्एत्सु मार्गाने नित्सू, सुमारे वीस मिनिटं. नित्सूला बदलून उएत्सु मार्गाने दुसरं स्टेशन सुइबारा. या फाट्यावर गाड्या विरळ आहेत, एक चुकली तर तासभर किंवा त्याहून जास्त खोळंबा. म्हणून आधी सुइबाराहून परतीची गाडी ठरवा आणि तिच्यावरून बाकीचं वेळापत्रक मागे मागे लावा.

चोचपारखी

जातीचं सांगतो. ह्योकोवर बहुतांश कोहाकुचो, म्हणजे टुंड्रा हंस. हे सैबेरियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावर वीण करून सखालिन, होक्काइदो असे उतरत येतात. थोडे ओओहाकुचो, म्हणजे मोठे हंस, त्यांत मिसळलेले असतात. आकारावर विसंबू नका, लांबून फसगत होते. चोच पाहा. कोहाकुचोचा पिवळा भाग चोचीच्या मुळाशीच राहतो, कडेला गोलसर असतो आणि नाकपुडीच्या अलीकडे थांबतो. ओओहाकुचोचा पिवळा पाचरीसारखा टोकदार होत नाकपुडीच्या पुढे जातो. दोन्हींत टोक काळंच. चोच नारिंगी आणि वर काळं टेंगूळ दिसलं तर तो बागांमधून पाळतात तो हंस, हा स्थलांतरित पाहुणा नव्हे.

राखाडी अंगाची आणि मळकट गुलाबी चोचीची ती त्याच वर्षीची पिल्लं. दोन पांढरे आणि मागे दोन-तीन राखाडी, असे गट मुलीला मोजायला लावा. पिल्लं पहिला सगळा हिवाळा आई-बापाबरोबर काढतात, म्हणून हे गट उतरताना आणि उडतानाही फुटत नाहीत. एखाद्याच्या मानेत रंगीत पट्टा असेल तर त्यावरची अक्षरं, तारीख आणि जागा टिपून यामाशिना पक्षिशास्त्र संस्थेला कळवा; जपानमधल्या कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी तिथे जमतात.

भिगवणचं: उजनीच्या फुगवट्यावर ज्यांना लोक राजहंस म्हणतात ते पट्टकादंब, डोक्याच्या मागे दोन काळे आडवे पट्टे असलेले. ते मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात, पण ते हंस नव्हेत, कादंब, म्हणजे रानटी गूज. खरा रानहंस भारतात फार क्वचित भरकटत येतो. तेव्हा आईंसाठी हे दर्शन खरोखर पहिलंच ठरेल. नीरक्षीरविवेकाचा विषय निघाला तर चोचीच्या कडेला असलेले बारीक दाते दुर्बिणीतून दाखवा: त्यांनी चिखलपाण्यातून खाणं गाळून घेतलं जातं.

खाचरकाठ

वरच्या दोघांशी सहमत, पण ज्येष्ठ माणसं बरोबर असताना स्टेशन ते तलाव चालत जायला सांगू नका. अंतर दोन किलोमीटर, अर्धा तास, आणि जपान समुद्राच्या बाजूचा नोव्हेंबर म्हणजे उभा-आडवा पाऊस, अधूनमधून गारा आणि गडगडाट. टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवा. पहाटेच्या टॅक्सीसाठी तर हे नक्कीच, कारण साडेपाचला स्टेशनबाहेर गाडी उभी असेल या भरवशावर राहू नये. मुक्कामाला, तलाव आहे त्या आगानो शहरातल्याच गोझु भागातले ओन्सेन (गरम पाण्याच्या झऱ्यांची मुक्कामाची ठिकाणं) बरे, किंवा पुढचं त्सुकिओका ओन्सेन. चेक-इन करतानाच सांगा की पहाटे निघायचं आहे आणि नाश्ता नको, नाहीतर सकाळी सातचा नाश्ता आणि उड्डाण एकाच वेळी येतात.

कपडे: दिवसा १०-१२ अंश, पहाटे ४-५, त्यात वारा. लोकरीचा आतला थर, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट, घोट्याच्या वर येणारे गमबूट. छत्री नको: वाऱ्यात उलटते आणि एकदम उघडली की पक्षी बिचकतात. काइरो (ऊब देणाऱ्या छोट्या पुड्या) दोन प्रकारचे घ्या, खिशातले आणि बुटात घालायचे. एका जागी तास-दीड तास उभं राहिलं की आधी पावलं गारठतात. आई-बाबांसाठी घडीचं स्टूल न्या. ते शाकाहारी असतील तर खाणं टोकियोहूनच बांधून घ्या. कोन्बिनीच्या (चोवीस तास उघड्या दुकानांतल्या) बऱ्याच ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यांत, माशाचा अर्क असतो. दशम्या आणि थर्मासमधला चहा ही चिंता मिटवतात.

खाऊ घालण्याबद्दल: १९५० च्या दशकात इथे योशिकावा जूझाबुरो यांनी रानटी हंसांना खाणं द्यायला सुरुवात केली, आणि १९५४ मध्ये ही जागा राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा जाहीर झाली. म्हणून पुष्कळ लोक पाव घेऊन येतात. तुम्ही नेऊ नका. बर्ड फ्लूमुळे नियम बदलत असतात, तिथल्या फलकावर असेल तेच पाळा. चुन्याची पूड किंवा ओली चटई अंथरलेली असेल तर तिच्यावरूनच चाला, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका आणि बूट विष्ठेत भरले तर ओन्सेनला शिरण्याआधी धुवा.

दुपारी वेळ असेल तर टॅक्सीने खाचरांकडे वळा. गाडीत बसूनच काच खाली करून पाहा. गाडीला हंस फारसे बुजत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की माना वर होतात. सगळ्या माना एकदम वर झाल्या म्हणजे तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. बांधावर पाय देऊ नका, ती शेतकऱ्याची जमीन आहे. नांगरून काळं केलेलं खाचर सोडून द्या, तिथे दाणे मातीखाली गेलेले असतात. धसकटं उभी आणि पाणी साचलेलं खाचर शोधा.

निशिकासाईकर

खूप आभार. मुक्कामाचा बेत केला. एकच शंका: टोकियोशेजारच्या चिबा प्रांतातल्या इन्झाईलाही हंस येतात म्हणे. तेच जवळ नाही का?

पाणथळ

जवळ आहे आणि छानही आहे, पण नोव्हेंबरअखेर तिथे जाणं फार लवकर होतं. हंस आधी निइगाताच्या बाजूला उतरतात. तिकडे बर्फाने खाचरं झाकली गेली की त्यातले काही आणखी दक्षिणेला सरकतात. इन्झाईच्या पाणी भरलेल्या खाचरांत खरी गर्दी जानेवारीत. आई-बाबा तोवर असतील तर तेही करा.

चोचपारखी

फोटोचं राहिलं. परतणारे हंस करड्या आभाळावर काळपट येतात, तेव्हा एक्सपोजर +१ करा. पहाटे काळ्या पाण्यावरचे हंस उलट पांढरे फटक होऊन पिसांचा पोत जातो, तेव्हा -०.७. उड्डाणाला शटर १/१०००, उजेड कमी असेल तर आयएसओ ३२०० पर्यंत खुशाल न्या. फ्लॅश अजिबात नको. कॅमेऱ्यापेक्षा ८×४२ ची दुर्बीण आधी घ्या, आणि आई-बाबांना ती घरीच डोळ्यांना जुळवून द्या. चष्मा असेल तर डोळ्यापाशी येणाऱ्या रबरी कडा आत दाबून ठेवायच्या. अंधारात, थंड बोटांनी हे जमत नाही.