समुद्रसपाटी वाढते की समुद्राची पातळी?

धंतोलीकर: उपग्रहातून समुद्र कसा मोजतात यावरच्या पुस्तिकेचा अनुवाद करतोय. मी लिहिलं, ‘१९९३ पासून समुद्रसपाटी वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरहून जास्त वाढतेय.’ संपादकबाईंनी खोडून ‘पातळी’ केलं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर, हे शाळेपासून पाठ आहे. तिथे चालते ती सपाटी इथे का नाही?

महालकर: बाईंचं बरोबर आहे. सपाटी म्हणजे जिथून मोजायचं ती ठरवलेली रेघ. नागपुरातल्या झिरो माईलला १९०७चा बेंचमार्क, म्हणजे उंची मोजून पक्की केलेली खूण आहे, त्याची उंची ह्याच रेघेवरून. रेघच वाढली म्हणाल तर मोजाल कशावरून? चढते-उतरते ती पातळी. शिवाय समुद्र सपाट कुठे आहे? गुरुत्वाकर्षणातल्या फरकामुळे श्रीलंकेच्या दक्षिणेला तो शंभरेक मीटर खोलगट आहे.

धंतोलीकर: ‘सूर्य उगवतो’ म्हणतोच ना आपण? रूढ शब्दाची अशी फोड करू नये.

सीताबर्डी: पातळी ‘पातळ’वरून आली असणार. पातळ पदार्थ आपोआप एका रेषेत येतो.

महालकर: मग नेसायचं पातळ?

काटोलवाला: मुळात उपग्रह दोन्ही मोजत नाही, अंतर मोजतो. रडारची लहर खाली सोडतो, ती पाण्यावरून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. उपग्रहाच्या उंचीतून ते वजा केलं की पाणी कुठे आहे ते कळतं. १९९२चा टोपेक्स-पोसायडन उपग्रह १३३६ किलोमीटरवरून हे करायचा, अचूकता काही सेंटिमीटरची. इस्रो आणि फ्रान्सचा २०१३चा ‘सरल’ही हेच करायचा. माझा आजा संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत दोराला गोटा बांधून सोडायचा. वर ओढून ओला भाग सोडायचा, कोरडा दोर हातानं मोजायचा आणि सांगायचा, ‘पानी चार परसावर गेलं.’ दोर जास्त लागला म्हणजे पाणी खाली. तेच गणित आहे हे.

सीताबर्डी: फार छान! पण परस म्हणजे घरामागची जागा ना?

काटोलवाला: ते परसदार. हा परस ‘पुरुष’वरून, माणसाच्या उंचीचं माप.

महालकर: नुसती उंची नाही. हात वर करून उभा असलेला माणूस.

काटोलवाला: आमच्याकडे साडेतीन हातच धरत.

महालकर: विहीर खणणाऱ्यांना विचारा. आत उभा माणूस वरच्याला टोपलं देतो, तो हात वरच असतो.

धंतोलीकर: आणि उपग्रहावरच्या त्या मोजणाऱ्या यंत्राला, अल्टिमीटरला, काय लिहू? कोशात ‘तुंगतामापी’ दिसतंय, मला ‘उंचीमापी’ बरं वाटतं.

सीताबर्डी: उंचीमापीच. पण काटोलवाले, कोरडा दोर मोजताना गाठ धरायची की सोडायची?